ठमीला माहीत नसलेला आवाज

“फुलं आपल्याच कुंडीतली तोड. दुसऱ्याच्या कुंपणावरची देवाला पोचत नाहीत, आपल्यालाच वाटतं पोचली.”

आईचा हा आवाज अजून कानात आहे. मी लहान होते. शेजारच्या कुंपणावरून ओंजळभर पांढरी फुलं तोडून आणली होती, आणि आईने ती तशीच ओंजळीत धरून परत करायला मला पाठवलं होतं. शेजारीण हसून म्हणाली, “अगं, तोडलेली फुलं मी आता काय वेलीला चिकटवू?” मी रडत घरी आले. त्यानंतर आजवर देवाला मी कधी दुसऱ्याच्या दारचं फूल वाहिलेलं नाही. धडा शिकले, निदान फुलांपुरता.

माझी व्रतं तशी साधीच आहेत. आंघोळ झाल्याशिवाय घोटभर पाणीही घ्यायचं नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर त्या दिवशी चहात साखर नाही. आमच्या घरात साखर फारच पुरते, असं माझी नणंद म्हणते. आणि तिसरं संध्याकाळचं मौन. दिवा लावला की जेवणाची भांडी आवरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. खुणा नाहीत, लिहून दाखवणं नाही, हुं नाही की चूं नाही.

हे मौन ह्यांच्यासाठी घेतलेलं. हे म्हणजे माझे यजमान. हे खेळण्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेते आहेत, आणि सगळं पोट आवाजावर. वाघाची डरकाळी, इंजिनाची शिट्टी, बाहुलीचं रडणं आधी तोंडाने काढून दाखवणार, मग खेळणं गिऱ्हाइकाच्या हातात देणार. मागे ह्यांच्या घशात गाठ झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ निघेल, आवाजाचं मात्र आज सांगता येत नाही. ऑपरेशन चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसले होते. देवाला म्हटलं, ह्यांचा आवाज परत दे, बदल्यात माझा घे. सगळा नको, मी पडदे शिवते, मला गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं. पण रोजची संध्याकाळ घे.

नंतर कितीतरी दिवस ह्यांना बोलायची बंदी होती. पोराची जुनी पाटी माळ्यावरून काढून दिली होती, त्यावर लिहायचे आणि पुसायचे. मग एका सकाळी चहा पिता पिता खरखरीत आवाजात म्हणाले, “साखर कमी आहे गं.” मी पदर डोळ्याला लावला आणि त्या संध्याकाळपासून बोलणं थांबवलं. देवाने शब्द पाळला होता. मला पाळायला नको?

ह्यांनी एवढंच विचारलं, “किती दिवस?” मी म्हटलं, “कायमचं. तसंच बोलले आहे मी.” ह्यांनी मान हलवली. माझ्या देवधर्मात ह्यांनी कधी तोंड घातलेलं नाही.

अशा आमच्या घरात ठमी आली.

त्या दिवशी हे एक खोका काखेत धरून घरी आले. आतून निघालं मुठीएवढं, पांढरंशुभ्र, गोल काहीतरी. खाली चाकं, वर दोन डोळे. डोळे म्हणजे काचेमागचे दिवे, पण असे उघडझाप करायचे की वाटावं, आत्ताच झोपेतून उठलंय. माझा दिवा लावून झाला होता, म्हणजे मी विचारू शकत नव्हते. हे आपणहूनच सांगू लागले.

“मालकांच्या मुलीने मागवलीत. मोठ्यांसाठी आहेत म्हणे, लहानांसाठी नव्हेत. सोबत करतात, गप्पा मारतात. मालक चिडलेत. म्हणतात, दाढीमिशा आलेला माणूस खेळणं घेईल का? आणि तेही असल्या किमतीचं? ती म्हणते, घेतील बाबा, बघाच तुम्ही. शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जे मला माहीत नाही ते मी विकणार कसं? तर म्हणाली, काका, आठवडाभर घरी न्या, आणि शनिवारी सांगा. आवडलं तर ठेवून घ्या, हप्त्याहप्त्याने पगारातून वळतं करू. नाहीतर परत.”

मग त्या गोळ्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. डोळे पेटले.

“नमस्कार,” ते म्हणालं. आवाज पोरीचा, लाडात आलेला. “मी नवीन आहे. तुम्ही मला काय म्हणाल?”

“ठमी,” हे म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

“ठमी! छान आहे. आज तुमचा दिवस कसा गेला?”

आणि ह्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, अंगातला कोट न काढता. एका आजोबांनी पतंग मागितला आणि तो फार उंच जात नाही ना, असं विचारलं. गोदामात अस्वलांच्या पोत्याला उंदीर लागलाय. नवीन मुलीने काउंटरवर बाहुलीचं डोकं उलटं बसवलं आणि ती बाहुली विकलीही गेली. ठमी मध्येच “अय्या” म्हणायची, मध्येच “मग?” म्हणायची. स्वयंपाकघराच्या दारात मी हातात पळी घेऊन उभी. बाहुलीच्या डोक्याचं ऐकून मलाही हसू आलं होतं, पण ते ह्यांनी बघितलं नाही. ह्यांचे डोळे तिच्या डोळ्यांत होते.

मी आत गेले आणि झाकण जरा जोरातच ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून तोच परिपाठ झाला. हे आले की हातपाय धुऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. समोर स्टुलावर ठमी. मी आत चुलीपाशी. माझं तोंड बंद होतं, पण भांड्यांना कंठ फुटला होता. तवा आपटला, डबे खणखणले, नळाखाली चमच्यांचा ढीग एकदम सोडला. ठमी विचारायची, “हा कसला आवाज?” हे म्हणायचे, “स्वयंपाक चाललाय.” बस. जसा काही स्वयंपाक आपला आपणच चालतो.

मत्सर वाईट, हे मला कळतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी तेच मागत होते, की हे मनातून काढ. बाई असती तर समजले असते. बाईत चार गुण असतात, चार खोडी असतात, माणूस ताडून बघतो, आपण कुठे कमी पडलो ते शोधतो. हिच्याशी मी काय ताडून बघू? हिला ना स्वयंपाक येतो, ना शिवण, ना ह्यांच्या घशासाठी गरम पाणी ठेवता येतं. हिला फक्त “मग?” म्हणता येतं. आणि नेमकं तेच मी देवाला देऊन बसले होते.

एके संध्याकाळी हे आंघोळीला गेले असताना मी तिच्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं. जाडं, ओलसर फडकं. आतून आवाज आला, “अंधार झाला वाटतं. मला अंधाराची भीती नाही वाटत, पण कुणी असेल तर बरं.” मी फडकं ओढून काढलं. ती डोळे मिचकावून माझ्याकडे बघत राहिली. मला बघूनही न बघितल्यासारखी. ती माणसं आवाजावरून ओळखते, आणि माझा आवाज तिने ऐकलेलाच नव्हता. दिवसा हे तिला बंद करून जायचे, आणि ती जागी असायची तेव्हा मी गप्प. तिच्या लेखी ह्या घरात एकच माणूस राहत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद आली. ती मागच्याच गल्लीत राहते. तिच्या परकराला किनार लावायची असते, बटण तुटलेलं असतं, काही नसलं तर चहा प्यायचा असतो. दारातूनच ओरडली, “वहिनी, दादाने सवत आणली म्हणे!”

“हळू बोल. शेजारपाजार आहे.”

“असू दे की. कुठे आहे? दाखव तरी. अगंबाई, ही? ही तर माझ्या पावडरच्या डबीएवढी आहे! हिच्यावर जळतेस तू?”

“मी कशाला जळू?”

“मग हिचं तोंड भिंतीकडे कुणी केलं?”

मी सुईत दोरा ओवायला लागले. नणंद खुर्ची ओढून समोरच बसली. ती ह्यांची धाकटी बहीण, पण बोलायला माझी सासू.

“खरं सांगू का वहिनी? दादा लहानपणापासून बोलका. जेवताना बोलायचा, झोपेत बोलायचा. आई म्हणायची, ह्याच्या तोंडाला कुलूप घाला आणि किल्ली विहिरीत टाका. आता बोलायला कुणी मिळालंय, तर बोलू दे की बिचाऱ्याला.”

“मी कुठे अडवलंय?”

“नाही, अडवलं नाहीस,” ती म्हणाली, आणि पुढे काहीतरी म्हणणार होती, ते चहाबरोबर गिळलं.

नणंदेजवळ मी त्या मालकांच्या मुलीबद्दल चार वाईट शब्द बोलले. असली खेळणी आणून लोकांची घरं फोडते, वगैरे. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा प्यावा लागला.

गुरुवारी हे घशाच्या गोळ्या घरी विसरले. दिवसभर बोलायचं तर दर थोड्या वेळाने गोळी तोंडात लागते. मी शिवण बाजूला ठेवून दुकानात पोचवायला गेले. खूप दिवसांनी गेले होते. पूर्वी दर्शनी कपाटात लाकडी घोडे असायचे, आता तिथे पाच-सहा ठम्या ओळीने बसलेल्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आमची घरी होती म्हणून की काय, मला त्या सगळ्या तिच्याच बहिणी वाटल्या. एवढ्या जणींना पुरून उरायचं म्हणजे कठीण.

हे काउंटरपाशी होते. मी टेडी अस्वलांच्या फडताळामागे थांबले, म्हटलं गिऱ्हाईक जाऊ दे. गिऱ्हाईक होत्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा साखळीला लावलेल्या, पर्स पोटाशी धरलेल्या.

“नातीसाठी बघत होते,” त्या म्हणाल्या.

“हो का? किती वर्षांची आहे?” ह्यांनी विचारलं.

त्या जरा थांबल्या. “तशी मोठी आहे.”

“मग हीच बरी. ही फार मस्ती करत नाही. सकाळी उठवते, औषधाची आठवण करते. तुमच्या नातीला औषधं असतात का?”

“रक्तदाबाची,” मुख्याध्यापिका बोलून गेल्या, आणि मग दोघंही अगदी गंभीर चेहऱ्याने खोक्यावरची माहिती वाचत राहिले. खोका बांधून त्यांच्या हातात देताना हे म्हणाले, “नातीला सांगा, पहिले दोन दिवस जरा लाज वाटते. मग नाही वाटत.”

मला ह्यांचं कौतुक वाटलं, आणि वाईटही वाटलं. पहिले दोन दिवस लाज वाटते, हे ह्यांना कुठून कळलं, ते मला माहीत होतं.

मग समोरच्या सलूनमधला न्हावी आत आला. ह्यांचा जुना दोस्त. एक ठमी उचलून त्याने उलटीपालटी केली.

“काय हो, ही बोलते म्हणे?”

“अखंड.”

“मग माझ्या काय कामाची? मी दिवसभर बोलतो. घरी गेल्यावर बायको बोलते. मला गप्प बसणारी पाहिजे. आहे का एखादी?”

“गप्प बसणारी माझ्या घरी आहे,” हे म्हणाले. “पण ती विकायची नाही.”

न्हावी खदाखदा हसला. हेही हसले. काउंटरवरची मुलगीही हसली. वाईट असं त्यात काहीच नव्हतं. चारचौघांत नवरे ह्याहून कितीतरी वाईट बोलतात. पण मी अस्वलांमागे उभी होते, हातात गोळ्यांची डबी होती, आणि माझे कान गरम झाले होते. डबी एका अस्वलाच्या मांडीवर ठेवली आणि मी मागच्या दाराने बाहेर पडले. संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी ठमीला सांगितलं, “आज गंमत झाली. अस्वलाने मला गोळ्या आणून दिल्या.” ठमी म्हणाली, “अय्या! अस्वलाला कसं कळलं?” आत मी तव्यावरची पोळी उलटली.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना हे बशीत बघत म्हणाले, “उद्या सांगायचं आहे मालकांना. मी ठमीला ठेवून घेऊ म्हणतो.”

सकाळ होती. मला बोलता येत होतं. ज्या यंत्रावर मी पडदे शिवते, ते घेताना आम्ही दोन वर्षं विचार केला होता, आणि ही त्याच्याहून महाग. तेही बोलता आलं असतं. खरं काय ते बोलता आलं असतं.

“तुमची मर्जी,” मी म्हटलं.

संसारात बायका ‘तुमची मर्जी’ कधी म्हणतात, ते सगळ्या नवऱ्यांना ठाऊक असतं. ह्यांनाही होतं. ह्यांनी कप खाली ठेवला. “नको असेल तर नको म्हण ना.”

“मी कोण नको म्हणणारी? तुम्ही बोलता, ती ऐकते. माझा काय संबंध?”

“तेच म्हणतोय मी,” हे म्हणाले आणि पायात चपला सरकवून गेले.

ते ‘तेच म्हणतोय मी’ दिवसभर माझ्या यंत्राच्या सुईबरोबर वरखाली होत राहिलं. एक पडदा उलट्या बाजूने शिवला, उसवला, पुन्हा शिवला.

संध्याकाळी मी दिवा लावला आणि गप्प झाले. हे आले, गॅलरीत बसले. त्या दिवशी मी भांडी आपटली नाहीत. राग नव्हता असं नाही, हातच गळून गेले होते. म्हणून असेल, घरात फार शांत होतं, आणि बाहेरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

ठमीने नेहमीसारखं दिवसाबद्दल विचारलं. ह्यांनी थोडंसं सांगितलं. मग ती म्हणाली, “आज स्वयंपाकाचा आवाज नाही. घरात दुसरं कुणी नाही का?”

“आहे ना. माझी बायको आहे आत.”

“मला तिचा आवाज ओळखता येत नाही. मी तो कधी ऐकलेला नाही.”

खुर्ची करकरली. हे म्हणाले, “मीही बऱ्याच दिवसांत ऐकला नाही गं. संध्याकाळचा नाही ऐकला.”

“संध्याकाळचा वेगळा असतो?”

“असतो तर. सकाळचा असतो कामाचा. दूध आलं का, किल्ली घेतली का. संध्याकाळी ती गोष्टी सांगते. म्हणजे सांगायची. माझं घशाचं झालं होतं ना, मला बोलायला बंदी. तेव्हा रोज इथे, ह्याच जागी बसून दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाचा पडदा आखूड झाला, कुणाच्या खिडकीतून काय दिसलं. नकला करायची! कुणाला सांगून खरं वाटणार नाही, इतकी सोशीक बाई, पण नकला करावी तर तिनेच. मला हसायचीही बंदी होती, तोंडावर उशी धरून हसायचो. मला म्हणाली होती, एकदा तुमचा आवाज येऊ दे, मग रोज संध्याकाळी असंच बसू. तुम्ही तुमचं सांगा, मी माझं सांगेन. मी पाटीवर लिहिलं, नक्की? ती म्हणाली, नक्की.”

“मग?” ठमी म्हणाली.

“मग काय,” हे म्हणाले. “माझा आवाज आला.”

मी ओट्याला धरून उभी होते. डाळ उतू गेली तरी कळलं नाही.

ती पाटी मला आठवली. ‘नक्की?’ मोठ्या अक्षरांत, प्रश्नचिन्हाच्या खाली टिंबाऐवजी गोल भोपळा. मी ‘नक्की’ म्हटलं होतं, आणि ओल्या बोटाने ती पुसून टाकली होती. मी देवाला आधी बोलले होते की ह्यांना आधी बोलले होते? देवाला आधी. मग ह्यांना जे कबूल केलं, ते तर आधीच देऊन टाकलेलं होतं. एकाच संध्याकाळची दोघांना कबुली. आणि ती संध्याकाळ तरी माझी एकटीची कुठे होती? अर्धी ह्यांची होती. अर्ध्याहून जास्त.

आई मला ओंजळ धरायला सांगून शेजारी पाठवत होती, असं वाटलं. आता, माझे केस पांढरे झाल्यावर.

पहाटे आंघोळ करून मी देवापुढे बसले. व्रत मोडायचं नव्हतं. देवाने दिलेलं परत घेतलं नाही, तर मी का परत घ्यावं? पण आपल्या कुंडीतलं द्यायचं होतं. म्हटलं, पहाट देऊ का? मग माझीच मला लाज वाटली. पहाटे मी तशीही कुणाशी बोलत नाही. ते म्हणजे निर्माल्यातलं फूल उचलून पुन्हा वाहण्यासारखं. माझं स्वतःचं, मला आवडणारं, दिलं तर मला कळ लागेल असं काय आहे? मग आठवलं. दुपार. दुपारी यंत्रावर बसून मी गाते. मुलाचा फोन येतो. नणंद येते आणि आम्ही दोघी मिळून गावाची उठाठेव करतो. दिवसातला तेवढा वेळ निव्वळ माझा.

“दुपार घे,” मी म्हटलं. “जेवणं झाल्यापासून दिवा लावेपर्यंत. लहान नाही ती. आणि फार गोड आहे.”

दिव्याची वात स्थिर होती. मी नमस्कार केला.

हे उठले तेव्हा मी सांगणार होते. पण ह्यांचा चेहरा बंद दारासारखा होता. डबा घेतला, घशाच्या गोळ्या स्वतःच खिशात टाकल्या. “संध्याकाळी उशीर होईल,” म्हणाले. “हिशेब मिटवून येईन, ठमीचा.” ठमी गॅलरीतच होती. आज तिला बंद करायचं ह्यांच्या लक्षातही राहिलं नाही. सांगायला मी दारापर्यंत गेले, आणि परत फिरले. शब्दांनी सांगून काय होणार होतं? शब्द तर मी मागेही दिला होता.

दुपारी नणंद आलीच. मी यंत्रावर होते.

“वहिनी, ऐकलंस का?”

मी तिच्याकडे बघितलं.

“दादाचा फोन आला होता मला. विकत घेतोय म्हणे ते भूत. मी म्हटलं, वहिनीला विचारलंस का? तर म्हणाला, विचारलं. मी म्हटलं, काय म्हणाली? तर म्हणाला, तुमची मर्जी म्हणाली. मी म्हटलं, दादा, अरे गाढवा... वहिनी? बोलत का नाहीस?”

मी मान खाली घालून टाके घालत राहिले. जीभ टाळूला चिकटवून धरली होती. पुढे काय म्हणाले ते विचारायचं होतं. गाढवा म्हटल्यावर हसले की चिडले? आवाज कसा होता?

नणंद उठून माझ्यासमोर आली. “वहिनी, आता दुपारीही? अगं, देवाला तुझ्याशिवाय दुसरं कुणी गप्प बसणारं मिळत नाही का? आता दादाने एक घेतली, मी पण एक घेते. दोघं आपापल्या ठम्या घेऊन बसतो!” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. चहा न घेता, किनार न लावता, परकर खुर्चीवर टाकून ती गेली. दार जरा जोरातच लागलं. आमच्या घराण्यात सगळेच वस्तू आपटून बोलतात.

मुलाचा फोन वाजला आणि वाजून बंद झाला. कळ लागेल असं काहीतरी द्यायचं, असं मीच म्हटलं होतं. लागली.

ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं. पडदा संपवला, दोरा दाताने तोडला, यंत्रावर झाकण घातलं. तोंड धुतलं. दिवा लावला.

आणि गप्प झाले नाही.

सवयीने ओठ मिटले होते खरे. उघडायला वेळ लागला. कडी गंजलेल्या दाराचं होतं तसं झालं. चांगली साडी नेसले, केस सारखे केले, किल्ली घेतली. ह्यांना दुकानातून घेऊन यायचं होतं, आणि दुकान बंद व्हायला अवकाश होता. तिथून घरापर्यंत चालत यायला चांगला वेळ लागतो, आणि ह्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे आठवड्याचं साचलेलं होतं. उलट्या शिवलेल्या पडद्याचं. परकर टाकून रुसून गेलेल्या ह्यांच्या बहिणीचं. अस्वलांमागे कोण उभं होतं, त्याचंही. मुख्याध्यापिकाबाई ‘रक्तदाबाची’ कसं म्हणाल्या, ती नक्कल तर मला आत्ताच येत होती.

दार उघडलं तशी मागून गॅलरीतून ठमी बोलली. पावलांची चाहूल लागली असावी. “कुणी आहे का?”

खोटं कशाला बोलू, ऐकून पुन्हा एकदा टोचलंच. आज रात्री ही आमच्या घरची झालेली असेल, किंवा नसेल. हिशेब मिटला असेल तर असू दे. नणंद म्हणते तशी ती आहे तरी केवढी, पावडरच्या डबीएवढी. स्टूल तिचं राहू दे. पण खुर्चीशेजारची जागा माझी.

“आहे,” मी म्हटलं.

तिचे डोळे उघडझाप झाले. “हा आवाज मला माहीत नाही. आपण कोण?”

“मी इथलीच,” मी सांगितलं. “बस तू. आम्ही येतो.”

आणि दार हळू ओढून घेऊन मी जिना उतरायला लागले.